जातो म्हणायचं नसतं

आत्याच्या ओटीवर मधल्या खांबाला एक खिळा आहे. खिळ्याला जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी, आणि पिशवीत मोबाइल. माजघर, पडवी, मागचं परसू असं सगळीकडे फिरून झालंय; रेंजच्या काड्या उभ्या राहतात त्या एवढ्याच जागी, आणि तेही पिशवी रस्त्याच्या अंगाला जराशी कलती ठेवली तर. फोन वाजला की आत्या चुलीपुढून उठते, पदराला हात पुसत ओटीवर येते, पिशवीतून न काढताच हिरवं बटण दाबते आणि खांबाला कान लावल्यासारखी वाकून बोलते. भिंतीवरचा जुना काळा फोन गेला आणि खांबावरचा आला, एवढाच तिच्या लेखी फरक.

संगमेश्वर तालुक्यातली ही वाडी. फोन साधा, बटणांचा. नंबर मात्र काकांचा. २००६ साली देवरूखला जाऊन त्यांनी ९९९ रुपये मोजून ‘लाइफटाइम’ कार्ड आणलं होतं. तेव्हा कंपन्यांनी ती टूमच काढली होती : एकदा हजाराची नोट मोडा, येणारे फोन जन्मभर फुकट. जन्म कुणाचा, हे बारीक अक्षरात होतं. तो कंपनीच्या परवान्याचा होता, ग्राहकाचा नव्हे. काका २०१७ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कार्डाचं लाइफटाइमही आटोपलं. २०१८ च्या नोव्हेंबरात मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं की येणारे फोन चालू ठेवायचे असतील तर दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपये टाका. जुलै २०२४ ची दरवाढ झाली तेव्हा दोन मोठ्या कंपन्यांचे २८ दिवसांचे प्लॅन १९९ रुपयांपासून सुरू होत होते.

२८ दिवसांचा महिना हीसुद्धा एक गंमतच. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, तोही पंचांगात आधी छापून. मोबाइलवाल्यांचा दरवर्षी येतो. २०२२ च्या जानेवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाने सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. कंपन्यांनी ठेवला. एक. आत्याचा हिशेब मात्र १९९ गुणिले तेराचाच, म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये. त्यात तिला दर खेपेला दोन जीबी डेटा मिळायचा. बटणांच्या फोनवर दोन जीबी डेटा म्हणजे विहीर नसलेल्या घरी रहाट.

यंदा शिमग्याला गेलो तर पालखीच्या आदल्या दिवसापासून काड्याच गायब. वाडीत माणसं मुंबईहून आलेली, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि सगळे आत्याच्या ओटीवर येऊन तो खांब बघून जायचे. सहा दिवस झाले. मी १९८ लावला. तक्रारीसाठी सगळ्या कंपन्यांना तोच नंबर आहे. भाषा निवडा, मग हे दाबा, ते दाबा, मग बासरी. शेवटी माणूस आला. हिंदीत बोलला, गावाचं नाव तीनदा विचारलं, पिनकोड घेतला आणि तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी आत्याच्या फोनवर मेसेज : आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. हा मेसेज मी वाचला तो देवरूखच्या एसटी स्टँडवर, कारण वाडीत तो पोचायलाच रेंज नव्हती.

मग काड्या परत आल्या त्या दिवशी मी चिडून, कंपनीच बदलायची म्हणून, आत्याच्या फोनवरून १९०० ला मेसेज टाकला. ‘पोर्ट’, एक जागा मोकळी, पुढे नंबर. लगेच आठ अक्षर-आकड्यांचा कोड आला. आणि वीस मिनिटांत खिळ्यावरची पिशवी वाजू लागली.

‘नमस्कार मॅडम, आपल्याला आमच्या सेवेबद्दल काय त्रास होतोय?’ स्वच्छ मराठी. सहा दिवस जे माणूस मिळत नव्हतं ते आपणहून आलं, तेही मातृभाषेत. आत्याने विचारलं, ‘तू कोणाची गो?’ पलीकडची मुलगी गोंधळली. मग तिने सांगितलं की आपण आमच्या जुन्या आणि मौल्यवान ग्राहक आहात, खास आपल्यासाठी एक ऑफर आहे. आत्याने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, ‘बघ, कोणी तरी गोड बोलत्येय.’

मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. दारातून कुणी ‘जातो’ म्हणालंच तर घरातलं मोठं माणूस दटावतं. मोबाइल कंपनीशी मात्र उलटा व्यवहार. इथे कितीही दिवस ‘अहो, ऐका’ म्हणत उंबऱ्यावर उभे राहा, कुणी ढुंकून बघत नाही. ‘जातो’ म्हटलं की पाट मांडला जातो.

ओळखीची एक मुलगी दोन वर्षं ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये ‘रिटेन्शन’ला होती. कोणत्या कंपनीसाठी, ते तिने सांगू नको म्हटलंय. ती म्हणते, पोर्टचा कोड सुटला की तो नंबर आमच्या यादीत पडायचा. आधी माफी, मग कारण, मग ऑफर. ऑफरच्या पायऱ्या ठरलेल्या, पहिल्यालाच मोठी द्यायची नाही. माणूस राहिला तर त्याला ‘सेव्ह’ म्हणायचं आणि दिवसाचे सेव्ह मोजायचे. ‘तक्रारीच्या खात्यात बसणाऱ्यांना आमच्याएवढी सूट देता यायची नाही,’ ती म्हणाली. ‘एखादा बिचारा तीन महिने भांडत असायचा आणि त्याच्या हातात काहीच नाही पडायचं. दुसरा कुणी मजेत पोर्ट टाकायचा आणि स्वस्तात प्लॅन घेऊन बसायचा. जुनी माणसं भांडतात, पोरं पोर्ट टाकतात.’

कंपन्यांच्या भाषेत या गुपचूप सवलतींना ‘सेगमेंटेड ऑफर’ म्हणतात. जाहीर दरपत्रकात त्या नसतात. २०१८ साली ट्रायने दर पारदर्शक असावेत म्हणून आदेश काढला, कंपन्या त्याविरुद्ध न्यायाधिकरणात गेल्या, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा ऑफरची माहिती निदान ट्रायला तरी द्या. ट्रायला मिळाली असेल. आत्याला मिळाली ती खांबाशी वाकून.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सिंगापूरने १९९७ सालीच केली होती. आपल्याकडे ट्रायने सप्टेंबर २००९ मध्ये नियम केले, मग तारखा ढकलत ढकलत २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला सगळ्या देशात. तोवर नंबर कंपनीचा होता, आपण त्याचे पोटभाडेकरू. नंबराला कूळही होतं. ९८२० म्हटलं की मुंबईतला जुना, मॅक्सटच-ऑरेंजपासूनचा गडी. ९८२१ म्हणजे बीपीएल. ९८२२ दिसला की पुण्या-नाशकाकडचा आयडियावाला. ९८६९ म्हणजे एमटीएनएलचं डॉल्फिन. आणि ९४२२ हा बीएसएनएल, म्हणजे बहुतेक गुरुजी नाहीतर तलाठी. कंपनी कितीही छळू दे, व्हिजिटिंग कार्डं छापलेली असायची, दुकानाच्या पाटीवर नंबर रंगवलेला असायचा, मुलीच्या स्थळांसाठी तोच दिलेला असायचा. पाटी पुन्हा रंगवण्यापेक्षा छळ परवडायचा. पोर्टिंगने ते कूळ मोडलं. आज पहिले चार आकडे बघून कुणाची कंपनी सांगता येत नाही. दर फोनमागे यंत्रणेला एका सामायिक यादीत डोकावून बघावं लागतं की हा नंबर सध्या कुणाकडे नांदतोय.

सुरुवातीला ग्राहकाकडून जास्तीत जास्त १९ रुपये घ्यायची मुभा होती. जाहिरातींचा तर पाऊस. पण ‘जातो’ म्हणणाऱ्याची वाट अडवायच्या युक्त्याही त्याच पावसात उगवल्या. थकबाकी आहे, नंबर ९० दिवसांचा झालेला नाही, कंपनीच्या नावावरचा नंबर आहे, कोड जुळत नाही. यातली काही कारणं नियमात बसणारी, काही बसवलेली. १६ डिसेंबर २०१९ पासून ट्रायने पद्धत उलटी केली : आधी सगळ्या अटी तपासायच्या आणि त्या पुऱ्या झाल्या तरच कोड द्यायचा. म्हणजे कोड आला याचा अर्थ वाट मोकळी. त्याच परिमंडळात जायचं असेल तर तीन कामाचे दिवस, बाहेर जायचं तर पाच. कोडाचं आयुष्य मात्र पंधरा दिवसांवरून चारावर आणलं. हे चार दिवस पुढे आम्हाला नडले.

सगळ्यात नामी युक्ती नंतरची. स्वस्त प्लॅनमधून एसएमएसच काढून टाकायचे. सूचना निरुपद्रवी वाटते. आता एसएमएस पाठवतो कोण? पण पोर्टचा कोड मागायचा तर एसएमएसच लागतो. म्हणजे भाडेकरूने घर सोडायची नोटीस लेखीच द्यायची, आणि घरातले पेन-कागद मालकाने आधीच उचललेले. तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला फर्मान काढावं लागलं की प्लॅन कुठलाही असो, १९०० ला जाणारा मेसेज अडवायचा नाही.

परिमंडळाचं आणखी एक प्रकरण आहे. १०६ हुतात्मे झाले आणि १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, असं आपण शाळेत शिकलो. दूरसंचार खात्याला ही वार्ता अजून पोचायची आहे. त्यांच्या नकाशावर मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे एक परिमंडळ, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्याला जोडून दुसरं. गणपतीला चाकरमानी पनवेल ओलांडून कोकणाच्या वाटेला लागला की फोनवर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येई आणि तो बिचारा रोमिंगवर जाई. स्वतःच्या गावी, स्वतःच्या ओटीवर, आलेला फोन उचलायचे पैसे. आमच्या वाडीत मुंबईकर ‘कट कर, मी करतो’ असं ओरडत फिरायचे ते त्यामुळे. शिकायला मुंबईला गेलेलं पोर नोकरीला पुण्यात राहिलं तर त्याला नंबर बदलावा लागे, कारण पोर्टिंगही परिमंडळाच्या आतच चालायचं. ३ जुलै २०१५ पासून नंबर देशभर कुठेही नेता येऊ लागला. त्या दिवसाला कुणी सत्यनारायण घातला नाही, पण घालायला हरकत नव्हती.

आणि मग निवडायला कंपन्याच राहिल्या नाहीत.

आठवा, २०११ साली पोर्टिंग आलं तेव्हा चौकातल्या दुकानावर बोर्ड किती होते. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, व्हिडिओकॉन, मुंबईत लूप, शिवाय सरकारी. सेकंदाला एक पैसा हा दर डोकोमोने २००९ मध्ये काढला आणि बाकीच्यांना झक मारत मागे यावं लागलं. मग २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने टूजी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. २०१४ मध्ये लूप गेली, मूळची बीपीएल, मुंबईच्या पहिल्या दोन मोबाइल कंपन्यांतली एक. तिचा परवाना २९ नोव्हेंबरला संपत होता, एअरटेलशी ठरलेला ७०० कोटींचा सौदा ऐनवेळी मोडला, आणि लाखो मुंबईकरांना काही दिवसांत नंबर घेऊन दुसरीकडे जावं लागलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली ती फुकट बोलणं आणि डेटा घेऊन. सव्वा वर्षात रिलायन्स कम्युनिकेशन्सने आवाजाची सेवा बंद केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये एअरसेल कोसळली तेव्हा तमिळनाडूत वेगळाच तिढा झाला : पोर्टचा मेसेज पाठवायला नेटवर्क लागतं, आणि नेटवर्कच मेलेलं. बुडत्या बोटीतून उतरायची परवानगी बोटीच्या कप्तानाकडूनच घ्यायची, आणि कप्तान सापडत नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या.

हे होत असताना आपण सगळे दीड जीबी रोजचा मजेत जाळत होतो, हेही खरं. दोनशे-चारशे रुपयांत तीन महिने निघायचे. स्वस्ताईत कुणी पाट्या मोजत नाही. उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी. जुलै २०२४ मध्ये तिघींनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. आता पोर्ट टाकून जायचं कुठे? दार आहे, त्याला कडीही नाही, पण उघडलं की पलीकडे तेच माजघर.

लोक रागाने बीएसएनएलकडे गेले. ट्रायच्या आकड्यांत त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. इतकी वर्षं ज्या काउंटरवर माशा मारत बसले होते तिथे रांगा लागल्या. पण फोरजी अजून गावोगाव उभं राहायचं होतं, रागाचं वय असतं तेवढंच असतं, आणि वर्ष संपायच्या आत तिथूनही गळती सुरू झाली. आमच्या वाडीतले तिघे गेले होते. दोघे परत आले. तिसरा म्हणतो, नेट नसल्यामुळे पोरगं दहावीला पास झालं.

देवरूखच्या बाजारपेठेत एक मोबाइलचं दुकान आहे. सहा बाय आठ फूट, काचेच्या कपाटात कव्हरं, वर चारही कंपन्यांचे बोर्ड. मालक चाळिशीचा, आत्याला काकी म्हणतो. शिमग्यात मिळालेला तो कोड घेऊन आत्या आणि मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘भाऊ, राग कशाचा आहे ते आधी सांगा. रेंजचा की पैशाचा?’

मी म्हटलं, रेंजचा.

‘मग ऐका. काकींच्या समोरच्या टेकाडावर जो टॉवर आहे ना, तो एकच आहे. दोन कंपन्या त्याच्यावरच बसल्यात.’ हे मला माहीत असायला हवं होतं. टॉवर आता बहुतेक ठिकाणी भाड्याचे असतात. इंडस टॉवर्स ही कंपनी २००७ साली भारती, व्होडाफोन आणि आयडिया या तीन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून काढलेली. लोखंड एक, खोली एक, वीज आणि बॅटरी एक. वर अँटेना ज्याच्या त्याच्या. जाहिरातीत एकमेकांच्या उरावर बसणारे डोंगरावर एकाच चुलीवर जेवतात. लाइट गेली आणि बॅटरी उतरली की दोघांचे फोन एकदमच मुके. निसर्ग वादळात दापोली-मंडणगडने आणि २०२१ च्या पुरात चिपळूणने हे बघितलंय.

तिसरी कंपनी? ‘तिचं फोरजीच्या खालचं काहीच नाय. काकींचा डबा तिथे चालायचा नाय. नवीन फोन घ्यावा लागेल.’ आत्याने फोनकडे असं बघितलं की पुढचं बोलणंच थांबलं.

मग पैशाचं. मी विचारलं की नुसत्या बोलण्याचा प्लॅन निघालाय ना? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन ठेवा. देशात अजून साधारण १५ कोटी लोक साधे फोन वापरतात, असं कारणही दिलं. दुकानदार हसला. ‘आहे. पण तो सांगायचा कोणी? शंभरावर मला दोन-तीन रुपये सुटतात. पोर्ट करून दिला की त्याच्या कितीतरी पट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काकी जुन्या कंपनीत राहून तो प्लॅन मारला तरी चालेल.’ इतका प्रामाणिक माणूस मोबाइलच्या धंद्यात कसा, असा प्रश्न मला पडला. बाजारपेठेत रंगीत छत्र्या लावून बसलेल्या पोरांनी तर कोड हातात दिसताच नवं कार्ड खुपसलं असतं. त्यांच्याकडे नव्वद दिवसांनी फिरून येणारी ठरलेली गिऱ्हाइकं असतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दर खेपेला पहिलं रिचार्ज फुकट. त्यांना कसलाही राग नसतो. दर महिन्याला देशात कोटीच्या वर पोर्टचे अर्ज पडतात, आणि २०२४ संपेपर्यंत एकूण अर्जांनी शंभर कोटींचा आकडा ओलांडलाय. त्यात आत्यासारखे किती आणि छत्रीखालचे किती, कोण जाणे.

पण आम्ही पोर्ट करायचंच ठरवलं होतं. अडलं ते नावाशी. कार्ड काकांच्या नावावर. दुकानदाराने पांढऱ्या चादरीपुढे आत्याला उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला, नियमाप्रमाणे स्वतःचाही काढला, आधार टाकलं, आणि मग विचारलं, ‘हे नाव कोणाचं?’

‘त्यांचं.’

‘ते...?’

‘आठ वर्षं झाली.’

त्याने चादर सोडली. पोर्ट करताना नाव बदलता येत नाही. आधी नंबर आत्याच्या नावावर करायचा, मग पोर्ट. नावासाठी जुन्याच कंपनीच्या गॅलरीत जायला हवं, आणि गॅलरी रत्नागिरीला. मृत्यूचा दाखला, आधार, वारस असल्याचं लिहून द्यायचं. एवढ्यात चार दिवस झाले आणि कोड शिळा झाला.

सोडून दे, दुसरा नंबर घेऊ, असं मी आत्याला म्हणालो. तिने बोटं मोजली. पेन्शनच्या बँकेत हाच. गॅसला हाच. आधारला हाच. आरोग्य केंद्रातली सिस्टर याच नंबरवर फोन करते. ‘आणि पोरांच्या तोंडपाठ आहे,’ ती म्हणाली. २०११ साली पाटी रंगवण्याचा खर्च वाचला म्हणून आपण खूश होतो. आता त्याच दहा आकड्यांवर बँकेचा ओटीपी येतो, आणि नंबर हातचा गेला तर माणूस स्वतःच्याच खात्याच्या दारात परका. म्हणून तर चोरांचाही डोळा नंबरावरच असतो. दुसऱ्याच्या नावाने नवं सिम काढून लगेच ते पोर्ट करायचे प्रकार वाढले, तेव्हा १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळणार नाही असा नियम आला. चांगला नियम आहे. फक्त त्याचाही एक आठवडा आमच्या वाट्याला आला, कारण नाव बदलताना गॅलरीवाल्याने नवं सिम हातात ठेवलं.

गॅलरीत दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला काचेपलीकडच्या मुलाने कागद बघितले आणि म्हणाला, ग्राहकाला स्वतः यावं लागेल. मी म्हटलं, ग्राहक वारलेत. तो म्हणाला, हो, पण सिस्टिममध्ये ॲक्टिव्ह आहेत. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. तो खरोखरच सिस्टिममध्ये बघून सांगत होता. दुसऱ्या खेपेला आत्याच एसटीने आली, दोन तास बसली, आणि काम झालं.

मधल्या काळात मी घरी बसून कायदाही वाचला. १९८ ला तक्रार. तिथे भागलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, फुकट. तो अधिकारी पगार कुणाचा घेतो हे विचारायचं नसतं. ट्राय एकट्या-दुकट्याची तक्रार घेत नाही. ग्राहक मंच? २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्याचा आधार घेऊन सांगितलं होतं की टेलिफोनचे वाद मंचात चालणार नाहीत. ते दार फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने मोबाइल ग्राहकांसाठी पुन्हा उघडलं. फोन मध्येच तुटण्याचीही एकदा किंमत ठरली होती : तुटलेल्या फोनमागे एक रुपया, दिवसाला तीन रुपयांपर्यंत, १ जानेवारी २०१६ पासून. कंपन्या कोर्टात गेल्या, ११ मेला नियमच रद्द झाला. तीन रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडायला ताकद लागते. ती ग्राहकाकडे नव्हती, कंपन्यांकडे होती.

गणपतीत पोर्ट झालं. दुसऱ्यांदा मेसेज, दुसऱ्यांदा कोड, दुसऱ्यांदा गोड आवाज. या वेळी आत्यानेच बोलून घेतलं. ‘माझ्या नावावर आहे आता,’ असं तिने त्या मुलीला सांगितलं, कारण नसताना. तिसऱ्या दिवशी रात्री जुनं कार्ड मेलं. नवं सुरू व्हायला चारेक तास लागू शकतात म्हणून आम्ही आरतीनंतर ओटीवरच बसून राहिलो. आत्या दर पाच मिनिटांनी पिशवीत डोकावायची. वाडीतली पोरं भजनातून उठून येऊन ‘आली काय?’ विचारून जायची. साडेअकराच्या सुमाराला एक काडी आली. मग दुसरी. पिशवी रस्त्याच्या अंगाला जराशी कलती केली तर तिसरीही. त्याच खिळ्यावर, त्याच टेकाडाकडून, आणि माजघरात पूर्वीसारखीच एकही नाही.

‘हे तेच की रे,’ आत्या म्हणाली.

‘स्वस्त आहे पण,’ मी म्हणालो. नुसत्या बोलण्याचा प्लॅन मारला होता. तो जुन्या कंपनीतही मारता आला असता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

परतीच्या दिवशी देवरूखला उतरून दुकानदाराचे राहिलेले पैसे दिले. त्याने फोटोची ती पांढरी चादर घडी घालून कपाटावर टाकली होती. रेंज कशी आहे, त्याने विचारलं. मी खिळ्याचं सांगितलं. तो काही बोलला नाही. मुंबईची गाडी लागत होती. निघताना मी सवयीने म्हणालो, ‘येतो.’

‘या,’ तो म्हणाला, ‘नव्वद दिवसांनी.’